कॅम्पमध्ये सगळे आपल्यापेक्षा फास्ट असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, सांगलीला बँकेत नोकरी. मागच्या वर्षी गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं सलग, आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची रेस) सात तास दहा मिनिटांत पूर्ण केली, पुढच्या वर्षी फुल, म्हणजे पूर्ण अंतराची आयर्नमॅन करायची आहे. एरवी आठवड्याला दहा-अकरा तास सराव होतो. डिसेंबरअखेर वाईला आठ दिवसांचा कॅम्प आहे आणि त्यात एकूण साधारण अठ्ठावीस तासांचं काम आहे. चौदा जण येणार आहेत. बहुतेक जण ७०.३ साडेपाच-सहा तासांत करणारे आहेत, दोघे तर पाचाच्या आत. "मी सगळ्यात स्लो असणार. जाऊ की नको? गेलो तर त्यांच्याबरोबर राहता यावं म्हणून आतापासून काय करू?" वजन ७४ किलो आणि एफटीपी, म्हणजे पेडलवर साधारण तासभर टिकवता येणारा जास्तीत जास्त जोर, १९० वॉट असल्याचंही कळवलंत, ते बरं केलंत. त्यावरून हिशोब मांडता येतो.

जा. नक्की जा. पण "त्यांच्याबरोबर राहता यावं म्हणून" हे शब्द घरी ठेवून जा. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण तिथेच आहे आणि या उत्तराचा बहुतेक भाग त्याबद्दलच आहे.

अशा कॅम्पमध्ये शरीराला दिलेला ताण तासांचा असतो, वेगाचा नसतो. तुम्ही दहा तासांवरून एका आठवड्यात अठ्ठावीस तासांवर जाणार आहात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. ही उडी झेपते, पण एका अटीवर: त्यातले बहुतेक तास हलके हवेत. ज्याची एरवीच आठवड्याला सोळा-सतरा तासांची सवय आहे त्याच्यासाठी हाच कॅम्प जेमतेम पावणेदोनपट आहे. म्हणजे तुमच्या शेजारी सायकल चालवणारा माणूस तुमच्यापेक्षा फास्ट तर आहेच, शिवाय तो तुमच्यापेक्षा सोपा कॅम्प करतोय. हे पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय ताजे असतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी छत्तिशीत असताना निलगिरीत एका कॅम्पला गेले होते. दहा दिवसांचा कॅम्प होता, बायका दोनच, बाकी सगळी तरणी मुलं. दुसऱ्या दिवशी ऊटीहून कुन्नूरला जाऊन परत यायचं होतं. परतीच्या चढावर मी पुढच्या गटातल्या शेवटच्या मुलाच्या मागे होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि त्याच्या मागच्या टायरचं पाणी माझ्या तोंडावर उडत होतं, चष्म्यावर चिखलाचे बारीक ठिपके. घड्याळात हार्ट रेट १७१. मी त्या टायरकडे बघत राहिले, सुमारे पंचवीस मिनिटं. चहाच्या मळ्यांतून रस्ता जात होता असं नंतर फोटो पाहून कळलं. वर पोचल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. रात्री मी आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी पाय जड होते, पण ते सगळ्यांचेच होते. चौथ्या दिवशी कल्हट्टीचा घाट होता. मसिनगुडीकडून ऊटीला चढणारा, छत्तीस हेअरपिन वळणांचा. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, तिथे लपायला जागा नाही. घाट लागून दोन किलोमीटरही झाले नव्हते आणि माझे पाय थांबले. दुखत नव्हते, पेटके नव्हते, दमही लागला नव्हता. पेडलवर जोर द्यायला आत काही उरलंच नव्हतं. एका वळणावर नंबराची पाटी होती, तिच्या खांबाला धरून मी उभी राहिले आणि गाडीत बसून वर गेले. त्यानंतरचे तीन दिवस मी पोहण्यापलीकडे काही केलं नाही. पंचवीस मिनिटं मी एका टायरमागे राहिले आणि त्यासाठी चार दिवस गमावले. पुढे मी स्वतः कॅम्प घ्यायला लागले, तेव्हापासून दरवर्षी एक-दोन जणांना मी हेच करताना बघते. दुसरा दिवस आणि चौथा दिवस यांचं नातं ठरलेलं आहे.

ते तसं का, हेही समजून घ्या, म्हणजे घाटात मोह होईल तेव्हा आठवेल. स्नायूंमध्ये साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते, यकृतात आणखी शंभरच्या आत. हलक्या वेगात शरीर चरबीवर बरंच भागवतं आणि ही साखर सावकाश वापरली जाते. जोर वाढला की साखरेचा वाटा झपाट्याने वाढतो. रिकामी झालेली टाकी पूर्ण भरायला भरपूर भात-भाकरी खाऊनही जवळजवळ चोवीस तास लागतात. कॅम्पमध्ये चोवीस तास मिळत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत निघायचं असतं. मग टाकी रोज थोडी अपुरी भरते. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती तळापर्यंत उपसली, तर तिसऱ्या दिवशी अर्धवट भरलेली घेऊन निघता आणि चौथ्या दिवशी घाटात उभे राहता.

आता तुमचे आकडे. तुम्ही ७४ किलो, सायकल, बाटल्या, बूट, कपडे मिळून आणखी बारा धरू. पाच टक्के चढावर ताशी ११ किलोमीटरने जायला तुम्हाला साधारण १५० वॉट लागतील. ताशी १४ ने जायला साधारण २००. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढायला दहा-बारा किलोमीटर आहेत. १५० वॉट म्हणजे तुमच्या एफटीपीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत. बोलता येतं, अगदी गप्पा नाही पण वाक्य पूर्ण होतं. २०० वॉट म्हणजे एफटीपीच्या वर. पाऊण तासाहून जास्त वेळ त्या जोरावर राहणं ही तुमच्यासाठी रेस आहे, आणि तीसुद्धा आयुष्यातली सर्वोत्तम. दोन्हींत वर पोचायच्या वेळेत फरक किती? फार तर चौदा मिनिटं. हे लोक वर चहा पीत थांबणारच आहेत. त्या चौदा मिनिटांसाठी आठवडा पणाला लावू नका.

चढावर गटाचा फायदा मिळत नाही, हेही लक्षात घ्या. ताशी अकरा-बारा किलोमीटरला हवेचा विरोध नगण्य असतो, सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. पुढच्याच्या मागे बसून तुम्ही फक्त मनाला धीर देता, पायांना नाही. सपाटीवर गोष्ट उलटी आहे. ताशी तीसच्या वेगाला तुम्हाला एकट्याने दीडशे-एकशे साठ वॉट लागत असतील, तर गटात मागे बसून एकशे दहा-वीसमध्ये भागतं. म्हणून माझा नियम साधा आहे: सपाटीवर त्यांच्यासोबत राहा, चढ लागला की त्यांना जाऊ द्या. वाई ते सुरूर फाटा, साताऱ्याकडचे सपाट तुकडे, धोम धरणाकाठचा रस्ता, इथे गटात राहा, शिका, मजा घ्या. घाटाच्या पायथ्याशी त्यांना हात करा.

हात करा, हे मी शब्दशः सांगते आहे. न बोलता सुटलात तर पुढचा माणूस वळून बघतो, वेग कमी करतो, तुम्हाला ओझं झाल्यासारखं वाटतं, तुम्ही जोर लावता, आणि पुन्हा सगळं सुरू होतं. पायथ्याशी मोठ्याने सांगा, "मी माझ्या वेगाने येतो, तुम्ही व्हा पुढे." पहिल्याच दिवशी, पहिल्याच घाटाला. दुसऱ्या दिवसापासून कुणी वळून बघत नाही आणि तुमच्या मनावरचंही उतरतं.

आणखी एक बाब सपाटीवरही सांभाळा. तुम्ही आयर्नमॅनची तयारी करताय, आणि तिथे ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्या सायकलच्या मागे बसून वारा चुकवायला बंदी आहे. पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर राखावं लागतं. आठही दिवस दुसऱ्याच्या आडोशाने चाललात तर रेसला लागणारी एकट्याची चिकाटी तयार होणार नाही. म्हणून दोन दिवस तरी शेवटचा तास मुद्दाम एकटे, एरोबारवर (हँडलच्या पुढच्या दांड्यांवर कोपर टेकवून, वाकून), आपल्या रेसच्या जोराने चालवा. तुमच्यासाठी तो सव्वाशे ते एकशे पस्तीस वॉटच्या आसपास असेल. हा तास मला कॅम्पमधला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग फास्ट लोकांचा उपयोग काय? खूप आहे, पण तो वेगात शोधू नका. त्यांचा संथपणा बघा. केनियातलं इटेन हे गाव सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, जगभरचे धावपटू तिथे सरावाला जातात. तिकडची सकाळची हलकी दौड सुरुवातीला इतकी सावकाश असते की पाहुण्याला वाटतं, मीही यांच्याबरोबर धावू शकेन. केनियाचाच धावपटू एलियुड किपचोगे, ज्याने २०२२ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांची मॅरेथॉन केली, तो वर्षानुवर्षं प्रशिक्षक पॅट्रिक सांग यांच्या हाताखाली काप्तागतच्या साध्या कॅम्पमध्ये गटाबरोबर राहून सराव करत आला. त्या गटाचे कठीण दिवस कठीण असतात, पण ते मोजके आणि ठरलेले. बाकीच्या दिवशी कुणी कुणाला मागे टाकायला धावत नाही. आपल्याकडे हौशी गटात नेमकं उलटं घडतं, हलका दिवस कुणालाच हलका ठेवता येत नाही. तुमच्या कॅम्पमधले ते पाच तासांच्या आतले दोघे हलक्या दिवशी काय करतात, ते बघा. चढावर छोटा गिअर कधी घेतात, उतरणीला पाय फिरते ठेवतात की नाही, पाण्याचा घोट किती मिनिटांनी घेतात, परत आल्यावर आंघोळीआधी खातात की नंतर. हे सगळं फुकट शिकता येतं आणि त्यासाठी एक वॉटही खर्च होत नाही.

वेगाबद्दल एकच उदाहरण देते, आपल्याच माणसाचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०१८ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८:२९.८० वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ८:११.२० ला रौप्य, सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटपासून पाच शतांश सेकंद मागे. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला ८:०९.९१. म्हणजे वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं. पूर्ण वेळ सराव, सैन्याची शिस्त, उंचीवरचे कॅम्प, स्वतःपेक्षा फास्ट लोकांबरोबर परदेशात सराव, हे सगळं असताना. वेग असा येतो. आठ दिवसांत वाईला तुम्हाला वेग मिळणार नाही, तो मिळवायला जाऊही नका. मिळेल तो पाया. तुमच्या फुलसाठी तुम्हाला तोच हवा आहे, कारण १७ तासांच्या मर्यादेतली रेस तुम्ही वेगाने हरणार नाही. ती सायकलचे १८० किलोमीटर संपल्यावर पाय शिल्लक आहेत का, यावर ठरेल.

आता शरीर कसं वाचायचं ते. बहुतेक जण हार्ट रेटवर विसंबतात आणि इथे एक फसगत आहे, ती नीट समजून घ्या. पहिले दोन दिवस उत्साहाने, कमी झोपेने नाडी नेहमीपेक्षा वर दिसते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उलटं होतं, थकलेल्या शरीरात नाडी वर चढतच नाही. १५० वॉटला एरवी १४५ दिसायची तिथे १३२ दिसते. माणसाला वाटतं, वा, चार दिवसांत फिटनेस वाढला, अजून जोर लावू. तो थकवा आहे. ओळख अशी: नाडी खाली, पण पायांना आणि श्वासाला तेच काम जड वाटतंय. असं दिसलं की त्या दिवशी घड्याळाची नाडी बघूच नका. पॉवर मीटर असेल तर वॉटवर मर्यादा घाला, नसेल तर बोलून बघा. वाक्य पूर्ण होत नसेल तर गिअर उतरवा.

सकाळी उठल्या उठल्या, पलंगावरून न उतरता, नाडी मोजून वहीत लिहा. घरच्या सरासरीपेक्षा सात-आठने वर असेल आणि त्याच्या जोडीला झोप नीट झाली नसेल, चिडचिड होत असेल, घसा खवखवत असेल, तर त्या दिवसाचं काम निम्मं करा. प्रशिक्षकाला सांगून करा. चांगला प्रशिक्षक याला कधी नाही म्हणणार नाही. घसा सगळ्यात आधी बोलतो, हे मी खूपदा पाहिलंय. सहाव्या दिवशी सर्दी झालेल्यांपैकी बहुतेकांना पाचव्या दिवशी सकाळी कळलेलं असतं, त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नसतं.

जेवणावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या वयाच्या लोकांचा कॅम्प पायांपेक्षा ताटात जास्त बिघडतो. सरासरी १३० वॉटने चार तास सायकल चालवलीत तर त्यातच साधारण १८५० ते १९०० कॅलरी जातात. बाकी दिवसभराच्या दोनेक हजार वेगळ्या. कार्बोहायड्रेटचा हिशोब किलोमागे आठ ग्रॅम धरला तर तुम्हाला दिवसाला सुमारे सहाशे ग्रॅम हवेत. नुसत्या भाकरीत मोजायचं तर पंधरा भाकऱ्या. एवढं दोन जेवणांत जाणं शक्यच नाही. म्हणून ते दिवसभर विभागायचं, आणि त्यातला मोठा वाटा सायकलवरच खायचा. तासाला साठ ग्रॅम, म्हणजे दोन केळी आणि वर गुळाचा खडा, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याच्या दोन-तीन वड्या. भूक लागायची वाट बघू नका, घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावा. घाट चढताना खाववत नाही, म्हणून पायथ्याच्या दहा मिनिटं आधी खा. उतरणीला हात हँडलवर हवेत, तिथे खाणं नको.

परत आल्यावरचा पहिला तास वाया घालवू नका. सायकल धुणं, स्ट्रावा अ‍ॅपवर टाकणं, फोटो पाठवणं हे सगळं नंतर. दारातच पोहे किंवा उपमा, सोबत गोड ताक किंवा दूध-केळं. मग आंघोळ. दुपारी भात भरपूर, वरण, तूप, भाजी. रात्री भाकरी-पिठलं झकास, पण त्याच्याआधी पुन्हा भात. कॅम्पच्या आठवड्यात सॅलडने पोट भरू नका, कोंड्याचं, फार चोथ्याचं खाणं बाजूला ठेवा, पोटातली जागा महाग आहे. आणि वजन कमी करायचा विचार या आठवड्यात मनातही आणू नका. सेहेचाळिशीत अनेकांना वाटतं, एवढी कसरत होतेच आहे, दोन किलो उतरतील. कमी खाऊन केलेल्या कॅम्पमधून माणूस आजारी होऊन परततो. डिसेंबरात पाचगणी-महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी असते, ती जेवणानंतर खुशाल खा, जेवणाऐवजी नको.

पाण्याचं एवढंच, की तिकडची थंडी फसवते. घाम दिसत नाही, पण जातो. बाटलीत चिमूटभर मीठ, लिंबू, साखर. कोकम सरबत उत्तम.

धावण्याबाबत मात्र मी कडक आहे. सायकलचे तास तिप्पट झाले तरी सांधे निभावून नेतात, कारण त्यात आपटणं नाही. धावण्याचं तसं नाही. तुम्ही एरवी आठवड्याला पस्तीस-चाळीस किलोमीटर धावत असाल तर कॅम्पमध्ये पन्नासच्या वर जाऊ नका, वेळापत्रकात सत्तर लिहिलेले असले तरी. दम आणि स्नायू आठवड्यात सवय करून घेतात, टाचेमागची शीर आणि तळव्याचा पडदा महिने घेतात. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव वीस मिनिटांचा पुरे, तोही इतरांपेक्षा किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटाने सावकाश. उतरणीवर धावणं पहिल्या चार दिवसांत पूर्ण टाळा. पाचगणीहून पसरणी घाट पायी उतरायची टूम कॅम्पमध्ये कुणीतरी काढतोच. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांच्यात बारीक फाटाफाट होते आणि दुखणं दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी शिखराला जातं. म्हणजे नेमका तुमचा सगळ्यात लांब सायकलीचा दिवस. आठव्या दिवशी खुशाल उतरा.

पोहण्यात फास्ट माणसांसोबत राहायला हरकत नाही. तिथे शरीराची झीज सगळ्यात कमी, आणि वेगाचा प्रश्न ताकदीपेक्षा तंत्राचा आहे. एका लेनमध्ये त्यांच्यामागे पोहा, पाय बघा, डोकं किती स्थिर राहतं ते बघा.

आता तुम्ही उघडपणे विचारलेलं नाही, पण प्रश्नात जाणवतं ते. आपण मागे राहिलो तर सगळ्यांचा वेळ खातोय ही टोचणी. यावर मी माझ्या कॅम्पमध्ये एक सोपा उपाय वापरते आणि तुमच्या प्रशिक्षकाला तो आधीच फोन करून सुचवा: लांबच्या दिवशी तुम्ही बाकीच्यांच्या चाळीस मिनिटं आधी निघा. सोबत एखादा तुमच्यासारखाच घ्या. वाटेत फास्ट गट तुम्हाला गाठतो, सपाटी असेल तर काही किलोमीटर तुम्ही त्यांच्यात असता, आणि मुक्कामाला सगळे जवळपास एका वेळी पोचतात. गरम जेवण मिळतं, दुपारची झोप मिळते. ज्याला झोप जास्त हवी तोच सगळ्यात उशिरा पोचतो, हे मला कॅम्पचं सगळ्यात अन्यायाचं गणित वाटतं, आणि आधी निघाल्याने तेवढं तरी सुटतं. रस्ता मोबाइलमध्ये उतरवून घ्या, दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, थोडी रोख रक्कम स्वतःजवळ ठेवा, पंक्चर एकट्याने काढायचा सराव घरीच करा. ज्याला कुणासाठी थांबावं लागत नाही तो कुणाचा वेळ खात नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या कॅम्पला कराडच्या एक शिक्षिका होत्या. वय तुमच्याएवढंच, गटात सगळ्यात मागे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मी उद्या घरी जाऊ का?" मी त्यांना वरचेच नियम घालून दिले आणि त्यांनी ते अक्षरशः पाळले. घाटात एकशे दहा वॉट म्हणजे एकशे दहा. तरुण मुलं शेजारून गेली तरी त्यांची नजर स्वतःच्या हँडलवर. सातव्या दिवशी महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरून परत चढायचं होतं. शिवसागर जलाशयापासूनचा तो चढ लांब आहे, ऊन अंगावर येतं. मी गाडीने मागून येत होते. एका वळणावर पहिल्या दोन दिवसांचे दोघे जोरदार गडी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले होते, बूट काढून. बाई त्यांच्या शेजारून गेल्या, त्याच एकशे दहा वॉटने. मी काच खाली करून विचारलं, पाणी हवंय का? त्यांनी मान हलवली, खिशातून चिक्कीचा तुकडा काढून तोंडात टाकला आणि चालवत राहिल्या. वर पोचल्या तेव्हा त्या गटात चौथ्या होत्या. वेग पहिल्या दिवशी होता तोच, पण तो त्यांनी सात दिवस टिकवला होता.

काही गोष्टी झटपट. बिब शॉर्ट्स (सायकलिंगच्या गादीवाल्या, खांद्यावर पट्टे असलेल्या चड्ड्या) किमान तीन न्या, रोज धुतलेली, पूर्ण वाळलेलीच घाला, आतल्या कडांना पेट्रोलियम जेली लावा. तिसऱ्या दिवशी फोड आला तर सगळं नियोजन वाया जातं. नवे बूट, नवी सीट, नवी क्लीट (बूट पेडलला अडकवायची पट्टी) कॅम्पला नको. झोप आठ तास रात्री आणि जमलं तर दुपारी चाळीस मिनिटं. रात्रीच्या गप्पांतून नऊला उठा, कुणी काही म्हणत नाही. पाय दुखतात म्हणून ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊन सायकलवर बसू नका. शरीरात पाणी कमी असताना त्या किडनीवर भार टाकतात. आणि लघवीचा रंग कोलासारखा गडद तपकिरी दिसला तर कॅम्प तिथेच थांबवून थेट हॉस्पिटल गाठायचं, हा एकच नियम माझ्याकडे चर्चेला खुला नाही.

पाचगणीची उंची जेमतेम तेराशे मीटर. त्यामुळे रक्तातल्या लाल पेशी वाढतील वगैरे कुणी सांगितलं तर त्यावर बेत आखू नका, त्यासाठी दोन हजार मीटरच्या वर तीनेक आठवडे राहावं लागतं. वाईचा फायदा थंड हवा, घाट आणि रिकामा वेळ.

आतापासून काय कराल? सहा-सात आठवडे हातात असतील तर आठवड्याचे तास दहावरून हळूहळू तेरा-चौदावर न्या, तेही सायकलीत. एका शनिवार-रविवारी लागोपाठ चार-चार तास चालवून बघा, आणि सोमवारी सकाळी पाय काय म्हणतात ते लिहून ठेवा. सायकलवर तासाला साठ ग्रॅम खायचा सराव आत्ताच सुरू करा, पोटालाही सवय लागते. कॅम्पच्या आधीचा आठवडा निम्म्यावर आणा, ताजे जा.

परत आल्यावर तीन दिवस सायकलीला हात लावू नका. चालणं, हलकं पोहणं, झोप. बँकेतली महत्त्वाची कामं त्या आठवड्यात ठेवू नका, डोकं मंद चालतं, ते नैसर्गिक आहे. दुसरा आठवडा नेहमीच्या निम्म्याने. या दिवसांत वेग घटल्यासारखा वाटेल आणि घाबरून तुम्ही जोर लावाल, तो लावू नका. तिसऱ्या आठवड्यात, पाय हलके वाटायला लागले की, तुमच्या नेहमीच्या चढावर एकदा १५० वॉटने जा, नाडी किती राहते ते बघा आणि कॅम्पआधीच्या आकड्याशेजारी लिहा. तो आकडा मला कळवा, पुढच्या महिन्यांचं त्यावरून ठरवू.